कर्जत ते घोरपडी : एका कपलिंगची गोष्ट

मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाणाऱ्या बहुतेक मंडळींना कर्जत म्हणजे गरमागरम वडा, एवढेच ठाऊक असते. गाडी थांबली रे थांबली की लोक वड्याकडे धावतात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मात्र उलट दिशेला शेवटच्या डब्याकडे चालू लागतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, तरी हा नेम चुकत नाही. परवा मे महिन्यात मुलीची सातवीची परीक्षा संपली म्हणून आम्ही तिघे पुण्याला निघालो, तेव्हाही तेच झाले. नात आजोबांच्या मागे आणि मी दोघांच्या मागे, हातात वड्याचा पुडा!

शेवटच्या डब्याकडे पाहण्यासारखे काय असते? कर्जतपासून पुढे बोरघाट सुरू होतो. १८६३ साली सुरू झालेला हा घाटमार्ग बांधताना हजारो मजूर दगावले. चढ आहे ३७ ला १, म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर चढते. रस्त्याच्या मानाने हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे रेल्वेला तो फार होतो. पुढच्या एकट्या इंजिनाला एवढा भार ओढवत नाही. म्हणून कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि ती गाडीला वर ढकलत नेतात. त्यांना बँकर म्हणतात. घाट चढून गेल्यावर ती सुटी होतात.

आम्ही टोकाला पोचलो तेव्हा बँकर अगदी हळू मागे सरकत येत होते. दादांनी नातीचा हात धरून तिला दोन पावले मागे घेतले. खण्णकन आवाज झाला, डबा जरा हलला, आणि जोडणी झाली. एक कर्मचारी वाकून पाहून गेला, बस्स.

"झालं?" मुलीने विचारले.

"झालं," दादा म्हणाले. "आता हात घालावा लागत नाही."

ज्यांनी रेल्वेत काम केलेले नाही, त्यांच्यासाठी हे थोडे खुलासा करून सांगतो. आमच्या गाडीला नवे एलएचबी डबे होते. हे जर्मन बनावटीचे डबे आपल्याकडे २००० सालापासून आले आणि पुढे कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले. त्यांच्या टोकाला मधोमध एक पोलादी पंजा असतो. आपण दोघांनी बोटे वाकवून एकमेकांत अडकवावीत, तशी ही जोडणी. एक पंजा दुसऱ्यावर आदळला की आपोआप मिटतो. चेन्नईच्या जुन्या पद्धतीच्या आयसीएफ डब्यांची गोष्ट निराळी. त्यांना दोन बाजूंना दोन गोल बफर आणि मध्ये आकडा. एका डब्याची वजनदार कडी उचलून दुसऱ्याच्या आकड्यात टाकायची, आणि मधला स्क्रू फिरवून ती ताणायची. हे काम करायला माणसाला वाकून दोन्ही बफरांच्या मध्ये शिरावे लागते. ते डबे बनवणे २०१८ साली थांबले, पण धावायचे थांबलेले नाहीत. म्हणून तर आपल्या कित्येक इंजिनांना दोन्हींची सोय ठेवावी लागली आहे. मधोमध पंजा, बाजूंना बफर, आणि वेळ पडली तर पंज्यातच बसवता येणारी स्क्रूची कडी. इंजिनाला काय, आज हे डबे, उद्या ते!

दादा शंटिंग पोर्टर होते. दिवसातून किती वेळा बफरांमध्ये शिरलो याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही. एका यार्डात, १९८६ साली, पहाटेच्या पाळीत, कडी आकड्यात टाकताना इंजिन इशाऱ्याआधी हलले आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. मी तेव्हा लहान होतो. बाप दवाखान्यातून आला तेव्हा हाताला पांढरा गोळा होता, एवढेच आठवते. घरात त्याविषयी बोलणे होत नसे. पुढे त्यांना हलके काम मिळाले आणि त्यावरच ते निवृत्त झाले.

पुण्यात उतरून आधी कोथरूडला गेलो, कारण मुलीचा हट्ट. तिथे जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी या गृहस्थाने आयुष्यभर छंद म्हणून ज्या छोट्या आगगाड्या जमवल्या आणि बनवल्या, त्यांचे एक शहरच इथे मांडलेले आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. सिग्नल, रस्ते, दिवे, आणि मधून धावणाऱ्या वीतभर डब्यांच्या गाड्या. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. दादांना ते आवडले, पण त्यांचे सारे लक्ष दोन डब्यांच्या मधल्या फटीकडे होते आणि काचेपलीकडून ती फट काही नीट दिसेना.

ती दिसली दुपारी, घोरपडीला.

घोरपडीला दादांचे जुने सोबती राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, तो तिकडच्या जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालेली खेळण्यातली इंजिने धाडतो. खेळण्यातली म्हटले की काका रागावतात. "मॉडेल म्हणा," असे बजावतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी आठ फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी टाकली आहे. त्यावर साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे रूळ. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची ही गाडी, हिला एचओ माप म्हणतात. आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा डोंगर, त्यावर चढणारा रूळ. चढ किती, हे मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "सदतीसला एक!"

म्हणजे काकांना टेबलावर बोरघाट हवा होता आणि घाट म्हटला की मागून बँकर हवाच. इथेच सारे अडले होते. त्यांच्याकडे तीन इंजिने आणि तिघांची तीन तोंडे! एक जुने अमेरिकन, त्याला प्लास्टिकचा शिंगासारखा आकडा. एक नवे अमेरिकन, त्याला खऱ्यासारखा मिटणारा पंजा. तिसरे जर्मन, त्याला वाकडा आकडा आणि वर तारेचा फास. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. डब्यांचे पंजे काकांनी आधीच बदलून घेतले होते, पण बँकर म्हणून लावायचे होते जुने अमेरिकन इंजिन, कारण तेच वजनदार. शिंगाच्या आकड्याची खोड अशी की ओढताना तो ठीक चालतो, पण ढकलताना एक आकडा दुसऱ्याला आडवा रेटतो. सरळ रुळावर खपून जाते, वळणावर हलका डबा बाहेर पडतो. काकांनी आम्हाला दाखवण्यापुरता तो डब्याला दोऱ्याने बांधून ढकलून पाहिला. तिसऱ्या डब्याने पुठ्ठ्याच्या दरीत उडी घेतली. नात टाळ्या वाजवू लागली, काका मात्र खिन्न.

मग आकडा बदलायचा ठरला. मुलाने केडी नावाच्या कंपनीच्या पंज्यांची पाकिटे पाठवली होती. कीथ आणि डेल या अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या जुळ्या भावांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले. पाच नंबरचा पंजा हा यातला सर्वात चालणारा. पण पंजा म्हणजे पंजा, असे नसते. दांडी आखूड, मध्यम की लांब, हे आधी ठरवावे लागते. आखूड घेतली तर इंजिन आणि डबा जवळ येतात, दिसायला छान, पण तीव्र वळणावर दोघांचे कोपरे भिडतात. लांब घेतली तर वळण सुटते, मध्ये मात्र ओंगळ फट राहते. काकांचे वळण अठरा इंची त्रिज्येचे, म्हणजे चांगलेच तीव्र. त्यांनी मध्यम दांडी निवडली. शिवाय दांडीवर पंजा मधोमध, वर की खाली, हाही प्रश्न असतो, कारण दोन्ही पंजे एकाच उंचीवर आले पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी चढावर वरचा पंजा खालच्यातून निसटतो आणि गाडी तुटते. त्यासाठी रुळावर ठेवायचे एक छोटे माप मिळते. पंजा त्या मापाशी भिडवून पाहायचा. कमी भरला तर चाकांच्या गाड्याखाली पातळ वॉशर घालून अंग उचलायचे.

काकांनी इंजिन फोमवर उताणे ठेवले. जुना आकडा काढला, नव्या पंज्याची प्लास्टिकची डबी बसवली, बारीक स्क्रू पिळला. डबी प्लास्टिकचीच का? तर या जुन्या इंजिनाच्या लोखंडी सांगाड्यातून वीज खेळते. अशी दोन इंजिने धातूच्या पंज्यांनी जोडली आणि त्यातले एक उलटे तोंड करून उभे असले, तर शॉर्ट होतो. तेल घालायचे नाही, त्यावर धूळ बसते. फक्त शिसपेन्सिलीतल्यासारखी ग्रॅफाइटची पूड.

आणि मग ती स्प्रिंग उडाली. पंजाचे बोट मिटवणारी ही स्प्रिंग तांदळाच्या कणीहून लहान. आम्ही चौघेही गुडघ्यांवर, फरशीवर मोबाईलचे दिवे! पाव तास गेला. शेवटी ती सापडली दादांच्या पायजम्याच्या घडीत. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करायचे असते, असे काकांनी तेव्हा सांगितले. आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

स्प्रिंग बसवायला काकांचे हात थरथरत होते. माझी नजर पुरेना. दादा म्हणाले, "आण इकडे." डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत इंजिन धरून, उजव्या हातातल्या टाचणीच्या टोकावर स्प्रिंग घेऊन, त्यांनी ती एका दमात जागेवर सोडली. कोणी काही बोलले नाही.

नात बोलली. "आजोबा, तुमच्या वेळी असं आपोआप लागणारं नव्हतं?"

"होतं की. मालगाडीला होतं." दादांनी टाचणी काकांच्या डबीत परत ठेवली. "मालाला आधी आलं, माणसांना नंतर."

त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्या मोठ्या बोगी मालडब्यांना मधला पंजा कितीतरी आधी आला, प्रवासी गाड्या मागे राहिल्या. आणि मूळ शोध तर १८७३ सालचा! ईलाय जॅनी हा कापडदुकानातला कारकून. त्याने चाकूने लाकूड तासून या पंज्याचा नमुना केला, असे सांगतात. म्हणजे खऱ्या कपलिंगची सुरुवातही मॉडेलपासूनच. त्यापूर्वी अमेरिकेत कडी आणि खिळा असे. कडी हाताने धरून डबे भिडेपर्यंत उभे राहायचे आणि वेळेवर खिळा टाकायचा. तिथे जुना ब्रेक्समन ओळखायचा तो त्याच्या बोटांवरून. लोरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातल्या शेतकऱ्याने एका ब्रेक्समनची बोटे चिरडताना पाहिली आणि वर्षानुवर्षे पत्रे, भेटी, भाषणे करून हा प्रश्न लावून धरला. १८९३ साली कायदा झाला आणि १९०० पासून तो लागू झाला.

पण कायदा झाला म्हणून सारे संपत नाही. त्याच १९०० सालच्या ऑगस्टमध्ये यूटा प्रांतात जॉन्सन नावाचा ब्रेक्समन एक इंजिन भोजनाच्या डब्याला जोडत होता. इंजिनाला जॅनीचा पंजा, डब्याला मिलर नावाचा दुसऱ्या घडणीचा आकडा. दोन्ही आपोआप लागणारे, पण एकमेकांना न लागणारे! त्याने पुन्हा कडी-खिळ्याने जोडून पाहिले. तिसऱ्या खेपेला हात सापडला आणि तो तोडावा लागला. खालच्या न्यायालयांनी सांगितले, दोन्हीकडे आपोआप लागणारे कपलिंग होतेच, आणि इंजिन म्हणजे काही डबा नव्हे. १९०४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. इंजिनही कायद्यात येते आणि ही कपलिंगे एकमेकांना लागलीच पाहिजेत, असा निकाल दिला. हे मी घरी आल्यावर वाचले. काकांच्या टेबलावरची तीन तोंडांची तीन इंजिने डोळ्यांसमोर आली.

संध्याकाळी काकांनी गाडी सोडली. पुढे नवे अमेरिकन इंजिन, मध्ये पाच डबे, मागे आपले बँकर. पहिल्या फेरीत पंज्याखालची वाकडी तार सांध्यात अडकली. खऱ्या डब्याखाली ब्रेकची नळी लोंबते, तशी दिसणारी ही तार. रुळांमधल्या लोहचुंबकावर गाडी जरा ढिली करून थांबली की ती बाजूला ओढली जाते आणि पंजा उघडतो. हात लावायचे कामच नाही. काकांनी पकडीने तार केसभर वर घेतली. दुसऱ्या फेरीत गाडी वळण घेऊन डोंगरावर चढली, एकही डबा पडला नाही. माथ्यावर चुंबक होता. काकांनी गाडी थांबवली, बँकर किंचित पुढे रेटून मागे घेतले, आणि ते सुटे होऊन उतारावरून खाली आले.

"लोणावळा!" मुलगी ओरडली.

जर्मन इंजिन तसेच राहिले. त्याच्या आकड्याला खोबण असते. जुना ओढून काढायचा आणि खोबणीत बसणारा नवा दाबून घालायचा, इतके ते सोपे. पण त्या खोबणीचे केडी सतरापासून वीस नंबरपर्यंत चार लांबींत मिळतात आणि काकांच्या पाकिटात त्यातला एकही नव्हता. मुलाला अठरा नंबर पाठवायला सांगितले आहे. काढलेला शिंगाचा आकडा काका फेकून देणार होते, दादांनी तो मागून घेतला आणि खिशात टाकला. निघताना काकांना म्हणाले, "अठरा नंबर आला की कळव. पुढच्या खेपेला चष्मा घेऊन येतो."