पाचोळ्यावरचे संसार

आपल्याकडे पतंगाला एकच काम नेमून दिलेलं आहे: दिव्यावर झेप घ्यायची आणि मरायचं. संतांनी त्याला मोहात सापडलेल्या जिवाचा दाखला केलं, शायरांनी प्रेमवेडा. त्याला ज्योतीची ओढ असते, हेच मुळात खरं दिसत नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं दिव्याभोवतीचं उडणं टिपलं. रात्री उडणारे हे जीव उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतात. कारण कोट्यवधी वर्षं रात्री सगळ्यात उजळ असे ते आभाळच. दिवा लागला की वर कुठे आणि खाली कुठे हा हिशेब चुकतो आणि पतंग तिथेच घिरट्या घालत राहतो. यात प्रेमाचा काही संबंध नाही.

शिवाय दिव्यावरचा हा प्रसंग त्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा तुकडा. त्याचं खरं आयुष्य अळीपणी, खाण्यात जातं. कित्येक जातींत तर पंख फुटल्यावर खायला धड तोंडही उरत नाही. म्हणून पतंगांची विविधता पंखांवर शोधू नये, ते काय खाऊन वाढले ते पाहावं, असं माझं मत झालं आहे. ते झालं ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला भाचीकडे राहायला गेले तेव्हा.

त्या खंडात फुलपाखरांच्या जाती 400 च्या आसपास आणि पतंगांच्या 22,000 च्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या जेमतेम निम्म्यांना नाव मिळालेलं आहे. भाचीच्या पडवीतल्या दिव्यापाशी जमणारे बहुतेक इवलेसे, मातकट, नखाएवढे. उत्तर क्वीन्सलंडातला हर्क्युलस पतंग पंख पसरला की दोन तळहातांतही मावत नाही. त्याचे फोटो सगळे काढतात. या मातकट मंडळींकडे कोण बघतो?

पण तो खंड चालवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. निलगिरीचं पान चिवट, तेलकट, पोषणाला निकस. गळून पडलं तरी लवकर कुजत नाही. इकोफोरिडी नावाच्या कुळातल्या पतंगांनी नेमकं तेच अन्न पत्करलं. त्यांच्या कितीतरी जातींच्या अळ्या झाडावरचं हिरवं पान सोडून जमिनीवरचं वाळलेलं पान खातात. दोन पानं रेशमाने जोडून त्यांच्या मधल्या फटीत राहतात. ऑस्ट्रेलियातल्या पतंगांचा साधारण पाचवा हिस्सा या एका कुळाचा. आयन कॉमन या कीटकशास्त्रज्ञाने त्यातल्या एका मोठ्या शाखेवर तीन खंड लिहिले, आणि शेवटचा आला तो 2000 साली. आपण निलगिरी इकडे आणली ती बियांतून. तिचा पाचोळा संपवणारी ही मंडळी काही बियांतून येत नाहीत.

इतरांचे उद्योग आणखी चमत्कारिक. एका गटाच्या अळ्या कोआलाच्या लेंड्यांवर जगतात. केप यॉर्कमध्ये सोनेरी खांद्यांचा एक पोपट वाळवीच्या वारुळात घरटं कोरतो, आणि एका पतंगाच्या अळ्या त्या घरट्यातल्या पिल्लांची विष्ठा खातात. कवींना यातलं काही चालेल असं वाटत नाही.

मला सगळ्यात आवडली ती झाडावर लिहिणारी अळी. तिकडे एक निलगिरी आहे, तिच्या गुळगुळीत पांढुरक्या खोडावर वेड्यावाकड्या रेघोट्या असतात, कुणीतरी घाईघाईत मोडी लिहावी तशा. अळी सालीच्या आत कोरत पुढे जाते. झाड ती जखम भरून काढायला मऊ, सकस पेशी तयार करतं. मग अळी उलटी वळते आणि आल्या वाटेने तेच खात परत येते. म्हणजे झाडाने स्वतःला बरं करण्यासाठी जे केलं, तेच हिचं जेवण! जुनी साल गळते तेव्हा ही अक्षरं उघडी पडतात. लिहिणारी केव्हाच निघून गेलेली असते. एडवर्ड मेरिक यांनी 1935 मध्ये या पतंगाला नाव दिलं. त्याच्याच वंशातल्या आणखी 11 नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध व्हायला 2012 उजाडलं. ते काम करणाऱ्यांत मॅक्स डे हे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ होते, वय नव्वदीच्या पुढे. निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याची इतकी चांगली सूचना मला दुसरीकडे मिळालेली नाही.

नाव मिळणं ही नुसती हौस नाही. बोगाँग पतंग उन्हाळा काढायला शेकडो किलोमीटर उडून डोंगरातल्या गुहांमध्ये जातो. ताऱ्यांवरून तो दिशा ओळखतो असं 2025 मध्ये दिसून आलं. दुष्काळात त्याची संख्या कोसळली आणि 2021 मध्ये तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. यादीत जायला आधी नाव लागतं. बिननावाचे दहा-एक हजार कुठल्या यादीत जाणार?

भाचीच्या घरामागे निलगिरीची रांग आहे. वसंत संपत आला की ती आणि तिचा नवरा पन्हळीतली, अंगणातली सगळी वाळकी पानं गोळा करतात. तिकडे पाचोळा म्हणजे जळण. 2003 च्या जानेवारीत वणवा कॅनबेराच्या वस्तीत घुसला, चौघे गेले, पाचशेच्या आसपास घरं जळाली. तिच्या शेजाऱ्यांना तो दिवस आठवतो. ही पानं राहू दे, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एक पान उचलून पाहिलं. त्याला दुसरं पान चिकटलेलं होतं, मध्ये बारीक जाळी.

"मावशी, बघत काय बसलीस? ते पोतं धर ना," भाची म्हणाली.