हाई नोकरी शे का शिक्षण?

मुलाखत ऑनलाइन होती. समोर तिघे जण, आणि पहिलाच प्रश्न असा की केळीच्या विषाणूवर पीएच.डी. केलेल्या उमेदवाराने माणसाच्या रक्तावरच्या प्रकल्पाला अर्ज का केला? मी धुळ्याला घरच्या वरच्या खोलीत बसले होते. खाली आईने मिक्सर लावू नये म्हणून आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी म्हटलं, पानातला आरएनए काय किंवा रक्तातला डीएनए काय, यंत्रातून बाहेर आला की दोन्ही चार अक्षरांच्या रांगाच असतात. त्या वाचायची रीत मला येते. पॅनेलमधल्या बाई हसल्या. म्हणाल्या, “हे सगळेच उमेदवार सांगतात. तुम्ही वेगळं काय आणणार?”

मग मी चोपड्याच्या मामांची केळी सांगितली.

मामांचं शेत तापीकाठच्या पट्ट्यात आहे. रावेर, यावल, चोपडा हा सगळा केळीचा मुलूख. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या घरांचं वर्ष मृगबाग आणि कांदेबाग या दोन लागवडींवर मोजलं जातं. मृगबागेची रोपं गुडघ्याएवढी झाली की झडीचे दिवस येतात, आभाळ उतरत नाही, आणि एखाद्या सकाळी पानांवर पिवळे पट्टे दिसतात. पुढे पोंगा सडतो. शेतकरी त्याला हरण्या म्हणतात, कृषी खात्याची माणसं सीएमव्ही. विषाणू तोच, कुकुंबर मोझॅक. औषध नाही. रोप उपटायचं आणि पुरून टाकायचं, एवढाच इलाज. मामांनी एका हंगामात ओळीच्या ओळी उपटल्या तेव्हा मी उमवित पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. बांधावर उभे राहून त्यांनी मला जे विचारलं ते माझ्या सिनॉप्सिसपेक्षा नेमकं होतं. रोग रोपांसोबत आला, की शेजारच्या काकडीवरून?

प्रश्न साधा नाही. ग्रँड नैन या वाणात गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून फळात बी धरत नाही आणि टिश्यू कल्चरचं प्रत्येक रोप म्हणजे मूळ झाडाची नक्कल. एकाला जे लागतं ते सगळ्यांना लागू शकतं. विषाणू मातृवृक्षात असला तर तो बाटलीतून थेट शेतात येतो. तसा नसला तरी मावा त्याला काकडी, मिरची, टोमॅटो आणि बांधावरच्या तणावरून आणून सोडतो. हजाराहून जास्त वनस्पतींवर तो जगतो. डोळ्यांना दोन्हींची लक्षणं सारखीच. फरक दिसतो तो फक्त त्याच्या आरएनएत.

उमवि म्हणजे आमचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. १९९० सालचं, २०१८ पासून बहिणाबाईंच्या नावाचं. गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ. मार्चनंतर तिथल्या वाऱ्याला हात लावू नये. केळीच्या पानातून आरएनए काढणं हा एक छळ आहे. पान वाटलं की त्यातली फिनॉलं हवेशी मिळून लगदा चहाच्या रंगाचा होतो आणि तळाशी जे उरतं त्यावर पुढची कुठलीच अभिक्रिया चालत नाही. ते जमलं की विषाणूच्या कवचाचं जनुक वाढवून घ्यायचं, सगळं मिळून ६५७ अक्षरांचं, आणि नळी कुरिअरने बाहेरच्या कंपनीला पाठवायची. उत्तर ईमेलने येतं. तिथून पुढचं काम लॅपटॉपवरचं.

हे पुढचं काम मला धुळ्याने आधीच शिकवलं होतं असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते ओढूनताणून वाटतं. आमच्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. शाळेची सहल म्हणून तिथे नेलं होतं आणि एका सरांनी समजावलं होतं की एकाच कागदाच्या पाच नकला सापडल्या तर मूळ कुठली हे कसं ठरवतात. ज्या नकलांत सारख्याच चुका, त्या एकाच नकलेवरून उतरवलेल्या. विषाणूंची वंशावळ याच तत्त्वावर लागते. अक्षरं बदलत जातात, सारखे बदल असलेले नमुने एका फांदीवर बसतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. पगारी पद नाही, संस्थेचा आधार नाही, आणि गावोगावच्या घरांतून दप्तरं मिळवून बावीस खंड छापले. आजच्या भाषेत त्यांना कुठली फेलोशिप मिळाली असती, हा विचार माझ्या डोक्यात अनेकदा येऊन गेला आहे. वयाच्या अटीत नक्की बसले नसते.

मामांच्या शेतातले नमुने दोन वेगळ्या फांद्यांवर बसले. म्हणजे दोन्ही वाटांनी रोग आल्याचा संशय बळावला. सिद्ध झालं असं मी लिहिलं नाही. मामांना मात्र तेवढं पुरलं. त्यांनी पुढच्या लागवडीला बांधाकडची काकडी बंद केली आणि रोपं तपासणीचा कागद बघून घेतली.

पॅनेलमधल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं, राजवाड्यांचं वगळून. निवड झाली.

त्याआधीचा काळ अर्जांचा होता आणि त्याबद्दल खानदेशात फारसं कुणी बोलत नाही, कारण आमच्याकडे पीएच.डी.नंतरची सरळ वाट म्हणजे सीनियर कॉलेजची जागा. ती निघाली नाही तर तासिका तत्त्व. पोस्टडॉक हा शब्द घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मामाच बसलेले होते. “हाई नोकरी शे का शिक्षण, बेटा?” त्यांनी विचारलं. मी सांगत गेले की पदवी मिळणार नाही, पण काम शिकायचं असतं. हजेरी असते, पण कायम नसतं. पैसे मिळतात, पण पगार नव्हे, मानधन, आणि त्यातून पीएफ कापला जात नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग कितला?” त्यांचे दोन्ही प्रश्न रास्त होते. पहिल्याचं उत्तर देशातल्या कुठल्याच नियमपुस्तिकेत धड नाही. दुसऱ्याचं आहे. केंद्राच्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला २०२३ च्या सुधारणेनंतर पहिल्या पायरीवर ५८ हजार रुपये आणि घरभाडं, दुसरीवर ६१, तिसरीवर ६७ हजार. हातात कधी पडतात ही गोष्ट निराळी. अनुदानाचा हप्ता अडला की मानधन अडतं, आणि घरमालकाला अनुदानाचा हप्ता समजावता येत नाही.

वाटा कितीतरी आहेत, पण प्रत्येकीच्या दारात वेगळा द्वारपाल. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची. वयाची अट ३५, बायकांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट, आणि पीएच.डी.चे गाइड तिथे मेंटॉर म्हणून चालत नाहीत. जैवतंत्रज्ञान विभागाची आरए योजना आहे, सीएसआयआरची आहे. युरोपची मेरी क्युरी फेलोशिप पीएच.डी.नंतर आठ वर्षांच्या आत, आणि अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. धुळ्याच्या माणसाकडून ही अट फारसे कष्ट न घेता पूर्ण होते. पण या सगळ्यांहून जास्त जागा असतात त्या प्रकल्पांतल्या. एखाद्या शास्त्रज्ञाला अनुदान मिळतं, त्यात एक आरए मंजूर असतो, जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पंधरा दिवस राहते आणि जाते. ती कळायला कुणीतरी ओळखीचं लागतं. पुण्यात एनसीएल, आयसर, पेशीविज्ञान केंद्र, सीडॅक, विद्यापीठातलं १९८७ पासूनचं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र अशी सगळी एका रिक्षाच्या अंतरावर आहेत. तिथल्या विद्यार्थ्याला या जागा कँटीनमध्ये कळतात. बांभोरीच्या कँटीनमध्ये तलाठी भरतीची तारीख कळते.

अनोळखी शास्त्रज्ञांना मी पत्रं लिहीत होते. ज्या पत्रांत मला येणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी होती त्यांना सहसा उत्तर यायचं नाही. ज्यांत हरण्या होता त्यांना यायचं, नकार असला तरी दोन ओळींचा, माणसाने लिहिलेला. याचं कारण नंतर दुसऱ्या बाजूला बसल्यावर उमगलं. सॉफ्टवेअर फुकट आहे. केळीचा पहिला जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ५२ कोटी अक्षरांचा, त्यात ३६ हजारांवर जनुकं. तो कुणीही धुळ्यात बसून उतरवून घेऊ शकतो. हजारो लोक तीच फाइल, त्याच आज्ञा देऊन चालवतात. नमुना कुठल्या बांधावरून आला, कोणत्या पावसात, शेजारी काय पेरलं होतं, हे त्या फाइलीत नसतं, आणि ते जाणणारी माणसं संगणकापर्यंत क्वचितच पोचतात.

आता काम सिकलसेलवर आहे. बीटा ग्लोबिन जनुकात एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ आलं की प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं, प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनच्या साखळ्या जुळतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. सातपुड्याच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य ठेवून. तपासण्या वाढल्या. आमचा प्रश्न तपासणीनंतरचा आहे. दोन सख्खी भावंडं, दोघांतही तेच अक्षर दोन्हीकडून बदललेलं. एक दर पावसाळ्यात कळांनी दवाखान्यात, दुसरं शाळेच्या कबड्डीत. कारणाचा एक भाग माहीत आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद होतं, काहींमध्ये ते थोडं चालू राहतं आणि पेशीला वाचवतं. ते बंद करणाऱ्या बीसीएल११ए जनुकाच्या नियंत्रकावरच कॅसजेव्ही हा २०२३ अखेर ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार घाव घालतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आमच्याकडे हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी आहे, तीही काही प्रमाणात तेच हिमोग्लोबिन वाढवते. पण कुणात किती वाढेल हे आधी सांगता येईल का, याचं उत्तर आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरच्या अभ्यासातून जसंच्या तसं उचलता येत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या दहा हजारांवर लोकांचे जीनोम वाचले गेले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली, फरिदाबादच्या केंद्रात ती ठेवलेली आहे. तुलनेला मोठाच आधार. तरी एका विशिष्ट खोऱ्यातल्या भावंडांचा प्रश्न त्या खोऱ्यात जाऊनच सुटायचा.

एका माणसाचा पूर्ण जीनोम नीट वाचला तर फाइल शंभर जीबीच्या आसपास जाते. ती सर्व्हरवर रात्रभर चालते, मी झोपते. या भागाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चूक आली तर सकाळी लाल अक्षरांत दिसते.

लिहिण्यासारखं आहे ते बोराडीच्या पुढच्या एका पाड्यावरचं. संमतिपत्र मराठीत छापलेलं होतं, शुद्ध आणि निरुपयोगी. आशाताईंनी ते पावरीत सांगितलं. एका आईने मध्येच थांबवून विचारलं की पोरीचं नाव या कागदावर राहणार का. तिला आजाराची नाही, सोयरिकीची काळजी होती. पोरगी नुसती वाहक असली, तिला स्वतःला काहीही होणार नसलं, तरी बातमी पाड्यातून पाड्यात गेली की स्थळं फिरतात. मी सांगितलं की नमुन्यावर फक्त क्रमांक जाईल. ती म्हणाली, मग निकाल आल्यावर माझी पोर कोणती, हे तुम्हाला कसं कळेल? मला सुचलेलं उत्तर लांबलचक होतं. नावाची यादी वेगळी ठेवतात, किल्ली एकाकडेच असते, नैतिकता समितीची मंजुरी आहे. तिने शांतपणे ऐकलं आणि मुलीला पुढे केलं नाही. मुलाला केलं.

केळीच्या पानाला संमती विचारावी लागत नव्हती.

त्या दिवसाचे नमुने आले, वाचले गेले, लेखाचा मसुदा तयार आहे. पाड्यावर निकाल घेऊन जायचा खर्च प्रकल्पात कुणी धरलेला नव्हता. अनुदानाच्या रकान्यांत यंत्र असतं, रसायन असतं, परिषदेचा प्रवास असतो. माझी मुदत मार्चअखेर संपते, म्हणून नवा अर्ज भरते आहे, या वेळी स्वतःच्या नावाने. त्यात मी दोन ओळी घातल्या आहेत: पावरी आणि भिलोरी बोलणारी एक समुपदेशक, दोन वर्षांसाठी, आणि शिरपूरहून जीपचं भाडं. आमच्या सरांनी वाचून सांगितलं की परीक्षक पहिली कात्री इथेच लावतील, त्यापेक्षा सिक्वेन्सिंगचे नमुने थोडे कमी दाखव आणि रक्कम त्यातून काढ. नमुने कमी केले तर संख्याशास्त्राचा आक्षेप येईल. आज रात्री दोन्ही हिशोब मांडून बघणार आहे. अर्जाची खिडकी शुक्रवारी पाचला बंद होते.