ए-फोर कागदाएवढी जागा

मेसमध्ये अंडाकरी असली की रांग पार जिन्यापर्यंत जाते. अंडं घरोघरी पोचलं त्यात पुण्याचा वाटा मोठा. इथल्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ‘एनईसीसी’ उभी राहिली. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा बहुधा आपल्या असाइनमेंटच्या ए-फोर कागदाहूनही कमी! तिला पंखसुद्धा पसरता येत नाहीत. आपला १९६० चा कायदा म्हणतो, पिंजऱ्यात प्राण्याला हालचाल करता आली पाहिजे. युरोपीय संघाने असे अरुंद पिंजरे २०१२ पासून बंद केले. अंडी सोडा असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या कित्येकांना तेवढंच प्रोटीन परवडतं. पण जागा वाढली की अंडंही महागणार. तो जादा रुपया द्यायची आपली तयारी आहे का? मेस कमिटीत एकदा बोलूया ना!