मोडी, रुमाल आणि एक वेबसाइट



आम्ही चौघा मित्रांनी फावल्या वेळात एक लहानसं सॉफ्टवेअर केलंय. देवनागरीत मराठी टाइप करा, शेजारी तेच मोडीत दिसतं आणि गिरवायला सरावाची पानं छापता येतात. बस्स, एवढंच. ओपन सोर्स आहे, म्हणजे नुसतं फुकट नाही. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. दोघं पुण्यात, एक बंगळूरला आणि मी बडोद्यात. वेबसाइट माझ्या वाट्याला आली, कारण बाकी तिघांच्या मते ते किरकोळ काम होतं.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या वेबसाइट तुम्ही पाहिल्या असतील. पहिल्याच पडद्यावर काळी चौकट, त्यात इन्स्टॉल करायची कमांड. हे आहे काय आणि कोणासाठी, ते तिसऱ्या पानावर. गिटहबवर रोज वावरणाऱ्याला ते चालतं. पण मोडी शोधत येणारा माणूस वेगळा. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत माळ्यावर जुन्या कागदांची एखादी ट्रंक असते. गायकवाड सरकारचा कारभार मोडीतून चाले, त्यामुळे नोकरीचे, जमिनीचे, देण्याघेण्याचे कागद त्याच लिपीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवत असत. त्यानंतरच्या पिढ्यांना ती वाचता येत नाही आणि आमच्या पिढीतल्या काहींना तर मराठीपेक्षा गुजराती वाचणं सोपं जातं.

पहिली अडचण अगदी प्राथमिक होती. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 साली, सातव्या आवृत्तीत. पण बऱ्याच फोनमध्ये मोडीचा फॉन्ट नसतो, म्हणून अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. या चौकोनांना इंग्रजीत गमतीने ‘टोफू’ म्हणतात आणि ते दिसू नयेत म्हणून गूगलने जी फॉन्टमाला काढली तिचं नाव ‘नोटो’, म्हणजे ‘टोफू नको’! तिच्यात मोडीही आहे आणि तिचा परवाना मुक्त आहे. तो फॉन्ट पानाबरोबरच पाठवला, चौकोन गेले.

मग देवनागरीकडे वळलो. तयार डिझाइन इंग्रजीसाठी बनवलेलं असतं. त्यात शीर्षकाची अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून मध्ये फट सोडतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मोडीत तर लिहिणारा आधी पानभर रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवायचा. तिथे फट म्हणजे अपमानच! ओळींमधलं अंतरही वाढवावं लागलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. आणि एक छोटी खूण: पान मराठी आहे असं ब्राउझरला सांगितलं, आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली, तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. दहा जणांत नऊ जणांना फरक कळणार नाही. माझ्या आईला पहिल्या नजरेत कळला.

शब्दांवर मात्र खरी चर्चा रंगली. ‘डाउनलोड’ तसंच ठेवलं, ते आता मराठीच झालंय. ‘इश्यू’ला पुण्याच्या मित्राने ‘तक्रार’ सुचवलं. मी ‘अडचण कळवा’वर अडून बसलो, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल आपली माणसं तक्रार करायला संकोचतात. ‘कॉन्ट्रिब्यूट’ला ‘योगदान’ फार सभेतलं वाटलं, म्हणून ‘हातभार लावा’. असले वाद घालणारे आपण काही पहिले नाही. 1931 साली बडोदा संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश काढला; त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. बटणावर कोणता शब्द लिहायचा हा प्रश्न तेव्हाच्या कचेरीतही होता, फक्त बटण नव्हतं.

साइट जवळजवळ तयार झाल्यावर मी ती दांडिया बाजारातल्या ओळखीच्या काकूंना दाखवली. त्यांनी पाहिली, उठल्या आणि आतून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. “हा फोटो कुठे टाकायचा रे? घराच्या वाटणीचा असेल असं आमचे हे म्हणायचे.”

आमचं सॉफ्टवेअर जुना कागद वाचत नाही. हाताने लिहिलेली मोडी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, शब्दांत अंतर नाही, प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. ती वाचायला जाणकारच लागतो. मी ठरवलं की हे वाक्य पहिल्याच पडद्यावर, मोठ्या अक्षरांत हवं: ‘हे सॉफ्टवेअर जुने कागद वाचून देत नाही. आपल्या कागदांचे फोटो आम्हाला पाठवू नका.’ बंगळूरचा मित्र वैतागला. “दारातच ‘आत काही नाही’ अशी पाटी कोण लावतं?” त्याचंही खोटं नव्हतं. पण वाटणीच्या कागदाचा फोटो अनोळखी वेबसाइटवर चढवायला निघालेल्या माणसाला थांबवणं मला जास्त गरजेचं वाटलं. दोन आठवडे वाद झाला. शेवटी वाक्य राहिलं, फक्त त्याखाली एक ओळ वाढली: मोडी जाणणाऱ्या वाचकाला मूळ कागद दाखवा, आणि स्वतः शिकायची इच्छा असेल तर इथून सुरुवात करा.

काकूंनी आपलं नाव टाइप केलं, मोडीत पाहिलं, सरावाचं एक पान छापून घेतलं आणि कागद पुन्हा आत नेऊन ठेवला.

सध्या गुजराती पानाचं काम चालू आहे. मराठीत ‘दफ्तराचे रुमाल’ असं लिहिलंय, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. माझ्या भाचीने वाचून विचारलं, “मामा, एवढे हातरुमाल कशाला ठेवायचे?” गुजरातीतही रुमाल म्हणजे हातरुमालच. ‘पोटलुं’ लिहावं का, की अजून काही? तुमच्या घरी आजी-आजोबा काय म्हणतात ते विचारून ठेवा, पुढच्या स्नेहभोजनाला भेटू तेव्हा सांगा.