पर्वत पाटियाची वाट आणि जुने दगडी घर

आमच्या वसईहून सुरत काही दूर नव्हे. दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक प्रवास, आणि तोही सरळ उत्तरेकडे जाणारा. वैतरणा ओलांडली की दमणगंगा, मग पार, औरंगा, अंबिका, पूर्णा अशा नद्या एकामागून एक गाडीखालून जातात आणि तापीच्या काठी सुरत येते. गेल्या हिवाळ्यात मी हा प्रवास केला तो मौजेखातर नव्हे. माझ्या पिशवीत एक संमतिपत्र होते व त्यावर माझ्या पुतण्याची सही घ्यावयाची होती.

पुतण्या सुरतेच्या पूर्वेस पर्वत पाटिया ह्या वस्तीत राहतो. नाव ऐकून मला वाटले की तेथे एखादा डोंगर असावा. परंतु भोवताली सारा सपाट मुलूख! पर्वत हे एका गावाचे नाव. गुजरातेत मोठ्या रस्त्यावर ज्या ठिकाणी गावाच्या नावाची पाटी असते, ज्या ठिकाणी गाडीतून उतरून गावाची वाट धरावयाची असते, त्या फाट्याला ‘पाटिया’ म्हणतात. तो फाटा आज गजबजलेली वस्ती होऊन बसला आहे. उंच इमारती, उड्डाणपूल, कापडाच्या बाजारपेठा, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेंपो! जवळच्या लिंबायतेत खानदेशातून आलेली इतकी कुटुंबे आहेत की भाजीच्या गाडीवरही मराठी ऐकू येते. मात्र पावसाळ्यात मिठी खाडी फुगली की ह्या बाजूच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. पुतण्याचे बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत आहे. स्वतःची जागा घ्यावी ही त्याची इच्छा, आणि ती अयोग्य मुळीच नाही.

संमतिपत्राची हकीकत अशी. गावी आमचे वाडवडिलांचे घर आहे. घडीव दगडांचे जोते, चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खांब, पुढे ओटी, आत माजघर आणि त्यात अल्तार. माझ्या आजीने ह्याच अल्तारासमोर सायंकाळची रोजरी कधी चुकविली नाही. आज त्या घरात मी व माझी पत्नी अशी दोनच माणसे आहोत. कौले गळतात, वाशांना वाळवी लागली आहे. एक गृहस्थ घर पाडून तेथे इमारत बांधण्यासाठी चांगली किंमत देऊ करीत होते. आमच्याच गावातील एक कुटुंबही घर मागत होते. त्यांना ते राहण्यासाठी हवे होते, परंतु त्यांची ऐपत कमी. अधिक किमतीकडे मन वळले आणि कागद तयार झाला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये परिचारिकेचे काम करणाऱ्या माझ्या भाचीचे पत्र आले. ते मी गाडीत पुन्हा वाचले. कॉट्सवोल्ड नावाच्या टेकड्यांच्या भागात ती एका खेड्यात गेली होती. तेथील चुनखडीचा दगड मधाच्या रंगाचा, घरांच्या भिंती त्याच दगडाच्या व छपरावर दगडाच्याच पातळ फरश्या. त्यांतील एक जुने घर विकाऊ होते. मालकाने ते नुकतेच दुरुस्त केले होते. आत पाण्याचे नवे नळ, नवे स्वयंपाकघर, ऊब देणारी व्यवस्था. बाहेरून मात्र घर पूर्वी होते तसेच. दरजा सिमेंटने नव्हे, तर चुन्याने भरलेल्या. तिने ह्याचे कारण विचारले तेव्हा कळले की जुनी दगडी भिंत ओल शोषते व चुन्यावाटे ती बाहेर टाकते. सिमेंटने दरजा बंद केल्या की ओल आत कोंडते आणि दगडच झडू लागतो.

तिने आणखी एक गोष्ट लिहिली होती. त्या देशात इ. स. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून जुन्या वास्तूंची यादी ठेवली जाते. आज एकट्या इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत, आणि त्यांत राजवाडे थोडे, साधी घरेच फार. असे घर मालक खुशाल विकू शकतो. परंतु परवानगीवाचून ते पाडणे किंवा त्याचे रूप पालटणे हा गुन्हा ठरतो. विकणे वेगळे आणि पाडणे वेगळे! आमच्याकडे ह्या दोन शब्दांचा अर्थ एकच होऊन बसला आहे, असे मला पत्र मिटताना वाटले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला सुटी होती. तो म्हणाला, “काका, कागदाचे नंतर पाहू. आधी जुनी सुरत दाखवितो.” आम्ही चौकबाजारात तापीकाठच्या किल्ल्यावर गेलो. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून खुदावंदखानाने तो सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधला. इ. स. १७५९ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढे दीर्घकाळ त्यात सरकारी कचेऱ्या होत्या. अलीकडे महानगरपालिकेने तो दुरुस्त करून लोकांना खुला केला आहे. कचेऱ्यांनी किल्ल्याची शोभा वाढविली नसेल, परंतु ज्या वास्तूत माणसे वावरतात तिचे छप्पर कोणीतरी पाहत असते, एवढे खरे.

मग गोपीपुऱ्यात गेलो. इ. स. १८३७ च्या भयंकर आगीत सुरतेची हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी पुरानेही शहर बुडाले. त्यानंतरही लोकांनी पुन्हा लाकडाचीच घरे बांधली. कवी नर्मद ह्यांनी इ. स. १८६६ मध्ये बांधलेले ‘सरस्वती मंदिर’ हे घर स्मारक म्हणून जपले आहे. परंतु आसपास कोरीव खांबांची कित्येक घरे कुलूपबंद दिसली. मालक नव्या वस्त्यांत गेले. असे घर विकले गेले की खांब व दरवाजे लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि कोणा परक्या दिवाणखान्याची शोभा होतात.

तेथे मला एका घराची आठवण झाली. इ. स. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा शहरातील श्रीमंतांचे वाडे लुटले गेले. परंतु कापुचिन मिशनरी फादर अँब्रोज ह्यांच्या निवासाला हात लागला नाही, असे बर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. पाद्री भले लोक आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही वाचले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता असे महाराजांना कळले. दोन्ही घरे वाचली ती भिंतींच्या बळावर नव्हे. आत राहणाऱ्यांच्या वागणुकीने वाचली.

मी पुतण्याला ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. रात्री जेवण झाल्यावर त्याने विचारले, “गावातले कुटुंब आणि इमारतवाले, किमतीत फरक किती?” मी आकडा सांगितला. फरक लहान नव्हता. त्याच्या पत्नीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या मनात येत्या पावसाळ्यातील पाणी असावे. मी म्हणालो, “बाळा, तुझ्यावर माझी सक्ती नाही. तुझ्या मुलांना कोरडी जागा हवी, हेही धर्माचेच आहे.”

“काका,” तो म्हणाला, “ओटीवर मी चालायला शिकलो. आमची जागा दोन वर्षे उशिरा झाली तर चालेल. पण त्या घरात दिवा लागलेला असावा.” त्याची पत्नी उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. “गावातल्यांनाच द्या,” एवढेच ती बोलली.

संमतिपत्र कोऱ्या सहीचे परत आले. गावातील कुटुंबाशी साठेखत झाले. चुन्याचे काम जाणणारा एक म्हातारा गवंडी शोधून आम्ही प्रथम छप्पर दुरुस्त करून दिले. किमतीतील थोडा भाग त्यातच गेला.

आपल्याकडे किल्ले आणि थोरांची थडगी सरकार सांभाळते. मुंबईसारख्या शहरात इ. स. १९९५ पासून जुन्या वास्तूंसाठी नियमही आहेत. परंतु खेड्यातील साध्या घराला कायद्याचा आधार क्वचितच मिळतो. त्याची यादी आपल्याच मनात ठेवावी लागते. प्रत्येकाला घर राखणे परवडेल असे नाही, आणि गरजेपोटी विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार कोणाला? मात्र विकण्यापूर्वी एकदा शेजारी विचारून पाहावे. राहणारा कोणी भेटला, तर दाम थोडा कमी आला तरी घर आपल्या गावातच राहते.