भिशीच्या पैशांतला कॅमेरा

2008 च्या दिवाळीआधी भिशी माझ्या नावावर निघाली. बारा जणी, महिना हजार रुपये, म्हणजे हातात बारा हजार. शिक्षकांच्या खोलीत सोन्याच्या वळ्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळे सल्ले मिळाले. मी डिजिटल कॅमेरा घेणार म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरात लग्न-मुंज आहे का काही?" नव्हतं. मला दगडांचे फोटो काढायचे होते.

मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवते. रविवारी आमचा चार-सहा जणांचा गट एसटीने नाहीतर दुचाक्यांवरून आसपासच्या गावांत वीरगळ बघत हिंडायचा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा स्मृतिदगड. बहुतेकांवर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि कडेला चंद्र-सूर्य. वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या देवळापाशी असे इतके दगड आहेत की, कुठून सुरुवात करावी कळत नाही. बाकीच्या गावांत ते पारावर, पाणंदीच्या कडेला, कुठे धुण्याचा दगड म्हणूनही सापडतात.

घरात जुना यशिका एमएफ-2 होता. भरवशाचा, पण त्याचा फोकस कायमचा ठरलेला. सहलीच्या फोटोंना उत्तम. दगडावरची टीचभर आकृती टिपायला जवळ जावं तर सगळं धूसर. शिवाय छत्तीस फोटोंचा रोल संपवून, धुवून, प्रिंट हाती येईपर्यंत पंधरवडा जायचा, आणि गडबड झाल्याचं कळायचं तेव्हा त्या गावाला पुन्हा जाण्यासाठी पुढची सुट्टी शोधावी लागायची.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा या खरेदीचा स्वयंघोषित सल्लागार झाला. फोनवर पहिलंच वाक्य, "आत्या, दहा मेगापिक्सेलच्या खाली बघूच नकोस." त्या वर्षी कुठल्याही जाहिरातीत पहिला आकडा तोच असे. इतिहासाच्या माणसाला आकड्यांची भीती वाटते असा त्याचा समज होता, म्हणून मी वहीत हिशेब मांडून दाखवला. सहा बाय चार इंचांचा प्रिंट चांगल्या दर्जाचा, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरले, तर 1800 गुणिले 1200, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. आठ मेगापिक्सेलचा फोटो 3264 गुणिले 2448 ठिपक्यांचा. त्याचा जवळपास अकरा बाय आठ इंचांचा प्रिंट निघतो. शाळेच्या भित्तिपत्रकाला त्याहून मोठा कशाला हवा? सहाचे बारा मेगापिक्सेल केले, तरी फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, साधारण चाळीस टक्क्यांनीच वाढते. जाहिरातीत मात्र बारा हा सहाच्या दुप्पटच दिसतो.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर असतोच केवढा? त्या काळच्या बहुतेक स्वस्त मॉडेलांत साधारण पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. यशिकातल्या फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात पस्तीसेक पट. एवढ्याशा वाफ्यात बी दाट पेरलं की रोपं किडकिडीत येतात. तसंच सेन्सरवर ठिपके वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड कमी होतो आणि अंधाऱ्या जागी फोटोत रंगीत खर उठते. माझे अर्धे दगड तर गाभाऱ्याच्या तोंडाशी, नाहीतर चिंचेच्या सावलीत.

भाच्याला हे पटलं, असं तो म्हणाला नाही. त्याने विषय बदलून "मग झूम तरी जास्त बघ" असं सुचवलं.

दुकानात जाण्याआधी मी पैशांची वाटणी करून टाकली. बारातले दोन हजार कॅमेऱ्याला नव्हतेच. त्यांत कार्ड, सेल, चार्जर आणि पाऊच. कॅमेऱ्यासोबत येणारं कार्ड बहुधा नावापुरतं, मोजक्या फोटोंत भरणारं. मग यादी केली, ती मला काय नको याची. पातळपणा नको, मोठा झूम नको (दगड पळून जात नाही), व्हिडिओ नको, चेहरा ओळखणारं तंत्र नको. दगडावरच्या वीरांना तसेही नाक-डोळे उरलेले नसतात. हवं होतं ते इतकंच: अगदी जवळून फोकस, हात हलला तरी सावरून घेणारी सोय, फ्लॅश बंद ठेवून शटर मनासारखं उघडं ठेवता येणं, आणि साधे पेन्सिल सेल.

शेवटच्या मुद्द्यावर भाच्याशी खरं भांडण झालं. त्याच्या मते लिथियम बॅटरीचे चपटे कॅमेरे म्हणजे पुढचा जमाना. मी म्हटलं, जमाना पुढचा असेल, पण आमच्याकडे भारनियमन आजचं आहे. लिथियमची बॅटरी गावात उतरली की दिवस संपला. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. टपरीवरचे साधे झिंक-कार्बनचे सेल अशा कॅमेऱ्यात थोडक्यातच मान टाकतात हे खरं, पण तेवढ्यात शेवटचा दगड होऊन जातो. रोजच्यासाठी निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्ज होणारे चार सेल घ्यायचे, दोन कॅमेऱ्यात, दोन पर्समध्ये.

पुण्यातल्या पहिल्या दुकानात विक्रेत्याने काचेवर एकापाठोपाठ एक चंदेरी पातळ डब्या मांडल्या. "मॅडम, हा बघा, एकदम स्लिम." मी पर्समधून शिवराई काढून काचेवर ठेवली. तांब्याचं नाणं, अक्षरं झिजलेली. माझ्या दगडांचीच छोटी प्रतिकृती. फ्लॅश बंद करा म्हटल्यावर तो जरा गोंधळला. फ्लॅशशिवाय दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये नाण्यावरची अक्षरं किती उमटतात, एवढीच माझी परीक्षा. भाच्याने स्वतःचं एसडी कार्ड आणलं होतं, म्हणजे फोटो दुकानाच्या संगणकावर मोठे करून बघता येतील. पण सोनीच्या कॅमेऱ्याला त्याचं स्वतःचं मेमरी स्टिक लागे, ऑलिंपसला एक्सडी. कार्ड बसलंच नाही. तिथेच कळलं की कॅमेऱ्याबरोबर कार्डाचीही सोयरीक जुळवावी लागते, आणि एसडी सगळीकडे मिळतं, स्वस्तही पडतं.

दुसऱ्या दुकानात एकाने हळू आवाजात सांगितलं, "ताई, बिल नको असेल तर हजाराने कमी करतो. इंटरनॅशनल वॉरंटी आहे." इंटरनॅशनल म्हणजे बिघडला तर सिंगापूरला न्यायचा का, हा माझा प्रश्न त्याला आवडला नाही. बिल आणि भारतातली वॉरंटी यांसाठी हजार रुपये जास्त मोजायची माझी तयारी होती. ज्याच्याकडे बारा हजारच आहेत त्याला बिघडलेला कॅमेरा परवडत नाही.

शेवटी निवडला तो कॅननचा पॉवरशॉट ए590 आयएस. आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल, हात सावरण्याची सोय, पाच सेंटिमीटरपर्यंत जवळचा फोकस. वरच्या चकतीवर एम हे अक्षर होतं, म्हणजे शटर आणि भिंगाचा झरोका (अपर्चर) दोन्ही आपल्या हातात. शटर पंधरा सेकंदांपर्यंत उघडं ठेवता येतं. इतक्या कमी किमतीत ही मुभा देणारे कॅमेरे तेव्हा मोजकेच होते. डोळा लावून बघायची छोटी खिडकीही होती. तिच्यातून चित्राचा काठ नेमका कळत नाही आणि जवळच्या वस्तूला ती उपयोगाची नाही, पण भर उन्हात मागचा पडदा काळा दिसतो तेव्हा दीपमाळेचा फोटो तिच्याच जिवावर निघतो. दिसायला ठोकळा. भाचा म्हणाला, "आत्या, हा तुझ्या यशिकाचा धाकटा भाऊ वाटतो."

पुढच्याच रविवारी किकली. झिजलेल्या दगडावर समोरून फ्लॅश मारला की खाच आणि उंचवटा एकसारखे उजळतात, आणि आकृती सपाट होऊन जाते. उजेड बाजूने, दगडाला घासून यायला हवा. मग प्रत्येक खाचेत सावली बसते. सकाळ-संध्याकाळचं ऊन हे काम फुकट करतं. सावलीतल्या दगडांसाठी मी भिंतीवरचा छोटा आरसा नेला होता. गटातले एक जण उन्हात उभे राहून कवडसा दगडावर तिरका सोडायचे, आणि गावातली पोरं "अजून डावीकडे, अजून डावीकडे" असं त्यांना ओरडून सांगायची. गाभाऱ्याशी जिथे कवडसाही पोचेना, तिथे कॅमेरा ज्वारीने भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवला, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) 80 वर ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि शटर चार-पाच सेकंद उघडं. ट्रायपॉडचे पैसे वाचले. ज्वारीची पुढे भाकरी झाली.

आयएसओ 400 च्या पुढे मात्र हा कॅमेराही खर धरतोच. फ्लॅशला दर वेळी थांबावं लागतं, पण फ्लॅश मला नकोच होता. मागचा पडदा इतका जाडाभरडा की फोटो नेमका आला की नाही हे घरी संगणकावरच कळतं, म्हणून प्रत्येक दगडाचे तीन-तीन काढायचे. रोलच्या काळात ही उधळपट्टी जमली नसती.

निवडक फोटोंचे प्रिंट काढून मी गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांना दाखवले. ते निवृत्त सर्व्हेअर, शिलालेखांवर कागद लावून शाईने ठसे घेणारे. कॅमेऱ्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. चष्मा वर करून एकेक प्रिंट खिडकीपाशी नेऊन बघितला. मधल्या चौकटीतल्या अप्सरांचे हात मोजले. मग म्हणाले, "छान आहेत बाई. पण हा दगड केवढा? वीतभर की पुरुषभर?"

उरलेल्या पैशांतून दुसऱ्याच दिवशी शाळेसमोरच्या दुकानातून काळे-पांढरे पट्टे काढायला रंग आणि एक लाकडी फूटपट्टी घेतली.