रुप्याची अंगुली

ज्या बारामतींत कऱ्हेच्या कांठीं मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) नाईकांच्या आश्रयास राहून पुराण सांगितलें व आर्या रचल्या, तेथें घरोघर पोथ्या असाव्यात यांत नवल नाहीं. आमच्या घरींहि आर्याभारताची एक हस्तलिखित पोथी आहे. ती चातुर्मासांत बारामतीस व पुढें इंदापुरास आमच्या आत्याबाईंकडे वाचली जाई. ओळीखालीं बोट फिरवीत वाचण्याची वडिलांची रीत. त्या बोटाच्या घामानें कर्णपर्वाच्या चार पानांवरील अक्षरें पार पुसलीं. तेव्हांपासून आत्याबाईंनीं पोथी रुमालांत बांधून ठेवली. वाचावी तर झिजते, न वाचावी तर ती पोथी कसली, हा आमच्या घरांतील जुनाच वाद. यंदा मात्र ‘ती भीमेंत सोडावी’ असें त्यांनीं ठरविलें, तेव्हां आम्हां सर्वांसच चुटपुट लागली.

अशा मनःस्थितींत आम्ही उभयतां पुण्यास गेलों होतों. लष्करांतील लाल देऊळ पाहिलें. बगदादहून मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनीं १८६३ सालीं आरंभिलेलें व १८६७ सालीं पुरें झालेलें हें यहुदी लोकांचें प्रार्थनामंदिर. ससून १८६४ सालीं वारले. त्यांची समाधि त्याच आवारांत आहे. नंतर पूर्वपरवानगी घेऊन रास्ता पेठेंतील ‘सुक्कथ श्लोमो’ हें बेने इस्राएल मंडळींचें मंदिर पाहिलें. ही मंडळी मूळ कोंकणांत वसलेली. मायबोली मराठी, आडनांवें पेणकर, दिवेकर अशीं. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. वल्हांडण सणाची त्यांची पोथी मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यासच छापली गेली.

तेथील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस वीतभर लांबीची एक रुप्याची शलाका दाखविली. तिच्या टोंकास इवलासा हात, व त्याची तर्जनी पुढें केलेली. हिब्रू भाषेंत तिला ‘याद’ म्हणजे हात म्हणतात. आम्हांस आपला ‘याद’ शब्द आठवला. दोहोंचा संबंध कांहीं नाहीं, पण योग गोड खरा.

तोरा म्हणजे मोशेचे पांच ग्रंथ. ते चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानेंच लिहितात. त्यांत अक्षरें ३,०४,८०५. एक अक्षर गळलें किंवा पुसलें तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनास चालत नाहीं. म्हणून उघड्या हातानें त्या चर्मपत्रास कोणी शिवत नाहीं. घामानें शाई बिघडते हें व्यावहारिक कारण, आणि ग्रंथाचा मान राखणें हें धार्मिक. शिवाय त्या लिखाणांत स्वरचिन्हें नसतात. वाचणाऱ्यास आधीं पाठ पक्का करावा लागतो. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आणि शलाकेमुळें नजर चुकत नाहीं. तरी चुकलाच तर शेजारीं उभा असलेला गृहस्थ तेथल्या तेथें दुरुस्त करतो. दर शनिवारीं एकेक भाग वाचून वर्षांत ग्रंथ पुरा करतात व लागलीच पुन्हा आरंभ करतात.

“आणि गुंडाळी फारच जीर्ण झाली तर?” आम्हीं विचारलें.

“तर तिला मानानें पुरतो,” ते म्हणाले. “पण लेखकाच्या हातून अक्षर सुधारतां येत असेल, तोंवर पुरण्याची घाई करीत नाहीं.”

हें उत्तर मनांत घोळवीत आम्ही परतलों. जिचा मान राखावयाचा तिला पेटींत कोंडावें लागतें, अशी आमची समजूत होती. येथें तर स्पर्श टाळून वाचन अखंड चाललें होतें.

इंदापुरास गेल्यावर आत्याबाईंस सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ती निमूटपणें ऐकून घेतली. मग रुमाल सोडविला, पानें कडेनें धरून पाटावर मांडलीं आणि म्हणाल्या, “छापील भारत आणा. पुसलेलीं अक्षरें मी सांगतें, सूनबाई लिहील. तिचें अक्षर बरें आहे.”

शलाका रुप्याची नव्हती; देवघरांतील दर्भाची एक काडीच घेतली. त्या संध्याकाळीं कर्णपर्वाचें पहिलें पान वाचून झालें. भीमेचा विषय मग कोणीं काढला नाहीं.